मागून पावणेतीन सेंटिमीटर

५ मार्च, गुरुवार

पाच महिने वहीला हात लावला नाही. क्षमा मागायला हवी, पण वहीची की स्वतःची, ते ठरत नाही. शेवटची नोंद आईच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची आहे आणि ती अर्ध्या वाक्यावर तुटलेली आहे. नंतर दवाखाना, मग वॉकर, आता काठी. लिहिण्यासारखं खूप होतं, बहुधा म्हणूनच लिहिलं नाही.

आज लिहितोय, कारण एक काम मनासारखं झालं. आमची एसयूव्ही जुनी आहे, मी आणि धाकट्या भावाने मिळून घेतलेली. एक किल्ली खाली माझ्याकडे, एक वरच्या मजल्यावर त्याच्याकडे. आई खाली आमच्यात राहते, पण मंगळवारी आणि शुक्रवारी तिला फिजिओथेरपीला तोच नेतो. मला ऑफिस असतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी आईच्या काठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळून दिलीय. बसायची जागा त्या पट्टीच्या वर नको आणि फार खालीही नको. घरातल्या सगळ्या खुर्च्या मी काठीला लावून पाहिल्या. कुठलीच नीट बसत नाही. गाडीची मागची सीट मात्र बरोबर पट्टीला पट्टी.

पण गाडी मागून खडखडायला लागली होती. प्रत्येक गतिरोधकावर आई दाराची कड धरायची आणि तिची बोटं पांढरी पडायची. म्हणून आज अर्धी रजा टाकून गाडी मिस्त्रीकडे नेली. मागचं चाक ज्या दांड्यांवर खालीवर होतं, त्यांच्या टोकांचे रबरी बुश पार गेले होते. सगळे नवे घातले.

निघता निघता मिस्त्रीने घोळ घातलाच. गाडी रॅम्पवर उंच, चाकं लोंबकळलेली, आणि हा म्हणतो, नट आता नुसते अडकवतो, गाडी खाली चाकांवर उभी करून मग झोपून आवळतो, तास लागेल. मला दोनला ऑफिसात पोचायचं होतं. म्हटलं, आत्ताच आवळा. तो म्हणाला, बरं, पण शनिवारी आणा, सैल करून परत आवळून देतो. आवळलेलं सैल करायचं आणि परत आवळायचं! गिऱ्हाईक पुन्हा बोलवायला या लोकांना काहीतरी निमित्त लागतं. हो म्हणून निघालो. जाणार नाही.

खडखड मात्र साफ गेली.

१० मार्च, मंगळवार

सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं तर गाडी नाक खाली करून उभी. मागून उचलल्यासारखी. आधी वाटलं, पार्किंगची फरशी मोरीकडे उतरती आहे म्हणून. गाडी उलट तोंडाने लावून पाहिली. तरी तशीच.

मी वजनकाटे तपासणारा माणूस. नजरेवर विश्वास ठेवायचा नाही, हे वीस वर्षं दुकानदारांना सांगत आलोय. स्टीलची टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत: पुढे दोन्ही बाजूंना ४९.५, मागे दोन्ही बाजूंना ५२.८५. चारही टायरमधली हवा बरोबर. मग समोरच्या दंतवैद्यांची गाडी, हेच मॉडेल, हेच वर्ष. त्यांची परवानगी घेऊन मोजली. पुढे ४९.५, मागे ५०.१. दंतवैद्य पायजम्यात उभे राहून म्हणाले, कीड लागलीय का? मी हसलो नाही याचं आता वाईट वाटतंय.

म्हणजे आमची गाडी मागून पावणेतीन सेंटिमीटर उंच आहे. गाडी आपोआप खचते, आपोआप उंच होत नाही. उंच कुणीतरी करावी लागते. मागच्या स्प्रिंगखाली पॅकिंग टाकलं की गाडी उचलते. ज्यांना मागे ओझं वाहायचं असतं ते तसं करून घेतात.

आमच्या घरात ओझं कोण वाहतं, हे लिहायला पेन अडखळतंय. धाकटा दुकानांना लाकडी मांडण्या बसवून देतो. गेल्या वर्षी त्याने याच गाडीत फळ्या भरल्या, सीट फाडली, आणि पुन्हा असं करणार नाही असं आईसमोर कबूल केलं. मिस्त्री त्याच्याही ओळखीचा आहे.

मनात आलं ते लिहिलं. खरं असेलच असं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

आज तो आईला घेऊन परत आल्यावर डिकी उघडली. कोपऱ्यात लाकडाचा भुसा, चिमूटभर. खालच्या प्लास्टिकवर दोन समांतर ओरखडे, ताजे. किलोमीटरचा आकडाही पाहिला. क्लिनिकचं जाणं-येणं मला पाठ आहे. त्याच्यापेक्षा चार जास्त.

जिन्यात गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, डिकीत काही ठेवतोस का रे? म्हणाला, काही नाही. पण काही नाही म्हणायच्या आधी त्याने आमच्या दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती. आईला साक्षी ठेवून खोटं बोलणं त्यालाही जड गेलं असावं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तू आईंना विचार ना. मी म्हटलं, ऑपरेशन झालेल्या बाईला भावाभावांच्या भानगडीत कशाला ओढू? तीही आजकाल तुटक बोलते. बाथरूममधल्या नव्या रबरी चटईचा एक चौकोन कुणीतरी कापून नेलाय, तेही विचारलं तर म्हणाली, मी कापला, लागत होता. कशाला, ते नाही सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. स्प्रिंग जुन्याच दिसतात, धुळीने भरलेल्या. पण पॅकिंग असलं तर स्प्रिंगच्या वरच्या टोकाला, पेल्यात, आणि तिथपर्यंत नजर पोचत नाही. जे दिसत नाही तिथंच काम झालेलं असतं, हा धंद्यातला अनुभव.

मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, स्प्रिंगला मी हातसुद्धा लावला नाही साहेब. मग म्हणाला, तुम्ही त्या शनिवारी आलाच नाहीत. मी उंचीबद्दल विचारतोय आणि हा माझ्या न येण्याबद्दल बोलतोय. विषय कसा बदलायचा हे यांच्याकडून शिकावं. धाकटा तुमच्याकडे आला होता का, असं शेवटी स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, घरातलं घरात विचारा.

हे उत्तर मी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं. निर्दोष माणूसही असंच म्हणेल. पण तो नाही म्हणाला नाही, हेही खरं.

१६ मार्च, सोमवार

आज एक गोष्ट केली. चांगली की वाईट, ते ठरवता येत नाही, म्हणून नुसती नोंद करतो. आमच्याकडे तपासलेल्या काट्याला कागदी सील लावतात. काटा उघडला की ते फाटतं. तसं एक सील, बोटाच्या पेराएवढं, डिकीच्या झाकणाच्या खालच्या फटीवर लावलं. रंग गाडीचाच. शोधणाऱ्यालाच दिसेल.

लावताना हात चोरटा झाला होता. वीस वर्षांत सील लावताना असं कधी झालं नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

फाटलं. दोन तुकडे. किलोमीटर पुन्हा चार जास्त.

२० मार्च, शुक्रवार

बोललो. बोलायला नको होतं की वेगळं बोलायला हवं होतं, हे अजून कळत नाही.

तो आईला सोडून किल्ली घेऊन वर चालला होता. त्याला थांबवून टेबलावर सगळं मांडलं: दंतवैद्यांच्या गाडीची मापं, आपल्या गाडीची मापं, किलोमीटरची यादी, भुशाची पुडी, सीलचे मंगळवारचे आणि आजचे तुकडे. ऑफिसात मांडतो तसं, क्रमाने. स्प्रिंगखाली पॅकिंग टाकून माल वाहतोस ना, एवढंच विचारलं.

त्याने यादीकडे पाहिलंच नाही. सीलचा तुकडा बोटावर घेतला.

"दादा, तू मला सील लावलंस?"

"गाडीला लावलं."

"गाडीला नाही लावलंस."

मी म्हटलं, मग डिकीत काय असतं ते सांग, विषय संपला. त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं, आई पलंगावर बसून पाय ताणायचा व्यायाम करत होती, दार अर्धं उघडं होतं. मग तो अगदी हळू बोलला. "ज्यानं सील लावलं त्यानं शोधावं. मी नाही सांगणार. एक तारखेपासून मी दुसरीकडे राहायला जातो. लिफ्टचं घर बघितलंय, मंगळवारी एकतीसला करार करतो. आईला कुठं राहायचंय ते तिला विचारून ठेव." किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा कमी आला. आपटत गेला असता तर बरं वाटलं असतं.

आईने काही ऐकलं नाही असं मी धरून चाललोय. तिचा व्यायाम मधेच थांबला होता, एवढं मात्र लक्षात आलं.

२२ मार्च, रविवार

वर खोकी बांधण्याचा आवाज. चिकटपट्टी ओढली की कर्रर्र होतं. दिवसभरात सतरा वेळा मोजलं. मोजायचं नव्हतं.

जेवताना आईला विचारलं, तो गेला तर तू कुठं राहशील? ती म्हणाली, मला विचारून काय उपयोग, माझ्यावर कुठं टेप लावणार तू? बायको पटकन पाणी आणायला उठली. हसू लपवायला की दुसरं काही लपवायला, कळलं नाही. या घरात सगळे एका बाजूला आणि मी आणि माझी टेप एका बाजूला, असं झालंय. आणि मुद्दा असा की टेप बरोबर आहे. उंची आहे. कुणीतरी केली आहे.

पण भाऊ घरातून जातोय, आणि कदाचित आईही. पावणेतीन सेंटिमीटरसाठी.

२४ मार्च, मंगळवार

मला रजा मिळाली नाही. धाकट्याने आईला टॅक्सीने नेलं. टॅक्सीची सीट बुटकी. परत आल्यावर आईला उठताना दोघांनी धरावं लागलं आणि दुपारभर ती कुशीवर पडून होती. फिजिओथेरपीच्या बाईंचा मला फोन आला, पुन्हा असल्या गाडीतून आणू नका, सांधा निखळला तर सगळं पहिल्यापासून.

शुक्रवारी मी नेणार. साहेबांना सांगितलंय.

२७ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहितो, म्हणजे सुटणार नाही.

गाडी दाराशी लावली. मागचं दार उघडलं. आई काठी टेकत आली, सीटला पाठ करून उभी राहिली, नेहमी बसते तशी. आणि बसली नाही. उभीच राहिली. मग म्हणाली, "पायरी कुठंय?"

"कुठली पायरी?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या गॅलरीकडे. "राहू दे. दुसरी एखादी बेताच्या उंचीची गाडी मिळते का बघ."

बायको वर गेली आणि लाकडाची एक बुटकी पायरी घेऊन आली. रुंद, कडा गोल घासलेल्या, खाली दोन आडव्या पट्ट्या. डिकीतल्या ओरखड्यांमधलं अंतर आणि त्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायची गरज नव्हती. वर पाय घसरू नये म्हणून रबराचा चौकोन चिकटवलेला. आमच्या बाथरूममधला.

आई पायरीवर चढली, बसली, पाय आत घेतले. मी तिची काठी सीटला लावून पाहिली. लाल पट्टी सीटच्या दीड बोट खाली.

वाटेत क्लिनिकच्या पुढच्या फाटकाशी थांबवत होतो तर म्हणाली, इथं नको, मागच्या फाटकाने घे. तिथला फूटपाथ उंच आहे, गाडीतून पाऊल सरळ त्याच्यावर पडतं, पायरी काढावी लागत नाही. एकेरी रस्ता आहे, वळसा घालावा लागतो. चार किलोमीटर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं. "इतक्या हौसेनं करून आणलीस गाडी. धक्का बसत नव्हता हे खरंच होतं. उंच झाली म्हटलं असतं तर तू मिस्त्रीच्या उरावर बसला असतास, गाडी पंधरा दिवस अडकली असती, आणि मी घरात. मीच त्याला गप्प राहायला लावलं." मग थोड्या वेळाने, "आणि तुला चूक चालत नाही रे. स्वतःची तर मुळीच नाही."

परत आल्यावर वर गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं, तो कामावर गेला होता. मी सहज आलो होतो म्हणालो आणि खाली आलो. दारातून बांधलेली खोकी दिसली.

धाकट्यावरचा संशय गेला. उंची मात्र जागेवरच आहे. म्हणजे मिस्त्री. त्याने दुसऱ्या कुणाचं पॅकिंग आमच्या गाडीत टाकलं असणार. उद्या त्याच्याकडे न जाता, त्याला न ओळखणाऱ्या माणसाकडून तपासून घेतो आणि मग त्याच्यासमोर ठेवतो.

२८ मार्च, शनिवार

चाकं सरळ करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो. खड्ड्यातून तपासणारी बाई होती, पंचविशीतली, कपाळावर टॉर्च बांधलेला. मी तिला मापं सांगितली, पॅकिंगचा संशय सांगितला. ती खाली उतरली, दोन्ही स्प्रिंगच्या टोकांत बोट घालून फिरवलं आणि म्हणाली, पॅकिंग नाहीये काका. (काका. मी सेहेचाळीसचा आहे.) मग दांड्यांच्या टोकांवर टॉर्च धरला. मला खाली बोलावून दाखवलं. नवं रबर पिळलं गेलंय, कपडा पिळावा तसं, आणि ते पीळ सोडायला बघतंय म्हणून दांडी खाली ढकलतंय आणि गाडी वर.

"बुश नवीन घातलेत ना? मग नट हवेत आवळलेत. चाकं लोंबत असताना आवळले की रबर त्याच जागी अडकतं. गाडी खाली आली की ते पिळतं. चाकांवर उभी करून आवळायचे असतात. कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं हे."

मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीला नसेल.

ती म्हणाली, नसेल असं वाटत नाही, हात चांगला आहे त्याचा. कुणीतरी घाई केली असेल.

तिथं खड्ड्यातच मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण पूर्ण आठवेना. घरी येऊन ही वही काढली. ५ मार्च. माझ्याच अक्षरात आहे. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, शनिवारचं, सगळं. शेवटी "जाणार नाही" असंही लिहिलंय.

अठरा दिवस मी गाडीखाली, डिकीत, किलोमीटरच्या आकड्यात शोधत होतो. वही कपाटात होती. आणि मिस्त्री फोनवर पहिल्याच वाक्यानंतर सांगत होता.

काटा तपासताना पहिला नियम, आधी तो रिकामा पाहायचा, शून्यावर आहे का ते. मी हे दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवतो.

३० मार्च, सोमवार

अर्धी रजा. या वेळी दोनची घाई नव्हती.

मिस्त्रीला म्हटलं, शनिवार चुकला माझा. तो म्हणाला, चार शनिवार चुकले. एवढंच. गाडी चारही चाकांवर सपाट फरशीवर उभी केली, खाली गोणपाट टाकून झोपला आणि एकेक नट सैल केला. शेवटचा सैल झाला तेव्हा मागून हळूच, कुणी थकून खुर्चीत बसावं तशी, गाडी खाली बसली. मी टेप आणली होती. काढली नाही. मग काढली. ५०.२. त्याने मागच्या बंपरवर दोनतीनदा जोर देऊन गाडी हलवली आणि मग सावकाश आवळत गेला. मधेच म्हणाला की एकेका बुशचं आयुष्य थोडं कमी झालंय, पण चालतील. मी म्हटलं, तुमच्याबद्दल मी बरंच वाईट बोललो. तो गाडीखालूनच म्हणाला, मला कुठं ऐकू आलं? फोन केलात तेवढंच ऐकलं. ते पुष्कळ होतं.

संध्याकाळी आईने काठी सीटला लावून पाहिली. पट्टीला पट्टी. ती बसून पाहायलाही तयार झाली. बसली, उतरली, पुन्हा बसली. मी पायरी परत वर द्यावी की काय, असं विचारलं. ती म्हणाली, ते तुझं तू ठरव. नट सैल करायला तू मिस्त्रीकडे गेलास ते बरं झालं. माणसाचे कोण करणार?

चहाच्या वेळेला धाकटा जिन्याने वर जाताना दिसला. हाक मारली असती तर थांबला असता. मी हाक मारण्यापूर्वी काय बोलायचं त्याची मनात यादी करायला लागलो, आणि यादी होईपर्यंत तो दारापाशी पोचला होता. यादीत बऱ्याच गोष्टी होत्या: सील, भुसा, पायरीच्या घासलेल्या कडा, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असूनही मला माहीत नव्हतं ते. खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पंचवीस दिवसांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. ही वही आजवर कुणी वाचलेली नाही, बायकोनेही नाही.

उद्या करार आहे. तो साडेआठला निघतो.

उद्या: आठच्या आत वर जाऊन धाकट्याला ५ मार्चचं पान वाचायला द्यायचं.